कलमाचा चाकू



एखादी जुनी वस्तू हाती येते तेव्हा आपण तिला दोन प्रश्न विचारतो : तू कोठली आणि तू कशासाठी? हे दोन्ही प्रश्न आपण बहुधा एका दमात विचारतो आणि एकाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे समजून मोकळे होतो. माझ्या हातून ही चूक घडली. तिचीच हकीकत येथे सांगणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. तुमच्याही घरात माळा असेल, माळ्यावर एखादी ट्रंक असेल आणि त्या ट्रंकेत काय आहे हे कोणालाच नीट ठाऊक नसेल. तेव्हा एका गंजलेल्या चाकूची ही गोष्ट तुम्हांला परकी वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कुळाचा कुलवृत्तांत नव्याने छापायचे ठरले. कोकणातल्या अनेक घराण्यांत असे ग्रंथ सिद्ध करण्याची प्रथा आहे. मूळ पुरुष, त्याच्या शाखा, वंशावळी आणि प्रत्येक व्यक्तीविषयी दोन-चार ओळी, असे त्यांचे स्वरूप असते. आमच्या शाखेची माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. छापील तक्त्यात नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय आणि विशेष माहिती असे रकाने होते. आजोबांच्या नावापुढे मी लिहिले : 'मुंबईत एका पेढीवर कारकून, गावी सव्वीस हापूस कलमांची बाग लावली.' आजीच्या नावापुढे माहेरचे आणि सासरचे नाव लिहिले. शिक्षण : निरक्षर. व्यवसाय : गृहिणी. विशेष माहितीच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. ती रेघ ओढताना माझा हात अडखळला नाही, हे मला आज मुद्दाम नमूद केले पाहिजे.

जुने कागद मिळतील या आशेने मी गावच्या घराचा माळा उपसायला काढला. चुलतभाऊ आणि पुतण्या मदतीला होते. कागद वाळवीने खाल्ले होते. एका ट्रंकेच्या तळाशी मात्र रंग उडालेला पत्र्याचा लहानसा डबा निघाला. त्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक घडीचा चाकू होता आणि त्याच्याभोवती वाळक्या, तपकिरी धाग्यांची एक जुडी होती. ती जुडी मी कचरा समजून अंगणात भिरकावली. संध्याकाळी ती पालापाचोळ्याबरोबर जळून गेली. त्या एका कृतीने मी अर्धा पुरावा नष्ट केला होता, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

चाकू मिटलेला असताना चार बोटे लांबीचा होता. त्याला दोन पाती असावीत असे दिसत होते. मोठे पाते जोर लावल्यावर अर्धवट उघडले. लहान पाते मुठीतच गंजून बसले होते. मूठ पिवळट पांढरी होती. चुलतभावाला ती हस्तिदंती वाटली. पण नीट पाहिल्यावर तिच्यात बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसल्या. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात. हाड घासून गुळगुळीत केले की त्यांची तोंडे अशी ठिपक्यांसारखी दिसतात. हस्तिदंतात ती नसतात. म्हणजे मूठ हाडाची होती. पात्यावर तांबडा, खपल्या धरलेला गंज होता. खारे वारे अंगावर घेणाऱ्या गावात साधे पोलाद असेच होते. आज आपल्या स्वयंपाकघरातले चाकू सहसा गंजत नाहीत, कारण त्यांच्या पोलादात क्रोमियम मिसळलेले असते.

आता या चाकूचे काय काय तर्क झाले ते ऐका. चुलतभावाला इतिहासाचे वेड आहे. आपला कोणी पूर्वज आरमारात असला पाहिजे, अशी त्याची जुनी श्रद्धा. त्याने चाकू हातात घेऊन तो पूर्वजाच्या कमरेला लटकवूनही टाकला. घडीच्या चाकूने कोणाचे शिरकलम होत नाही, हे मी त्याला हसत सांगितले. पुतण्याला इतिहासात रस नव्हता. त्याने पॉलिश पेपर आणला आणि म्हणाला, "काका, पाच मिनिटांत चकाचक करतो." मी त्याचा हात धरला. या गोष्टीत माझ्या हातून शहाणपणाचे म्हणावे असे जे एक काम घडले ते हेच. जुन्या लोखंडी वस्तूवरचा गंज खरवडून काढला तर त्याखालची अक्षरेही जातात. आम्ही चाकू रॉकेलमध्ये बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या दात घासायच्या ब्रशाने हलक्या हाताने पुसत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मोठ्या पात्याच्या बुडाशी अक्षरे उमटू लागली. प्रथम एक तारा दिसला, मग त्याच्या शेजारी चार टोके रुंदावत गेलेला क्रूस. त्याखाली इंग्रजीत 'रॉजर्स' आणि 'शेफील्ड'. बाजूला 'जी' आणि 'आर' ही दोन अक्षरे आणि त्यांच्यामध्ये मुकुट. तारा आणि क्रूस हे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीचे चिन्ह. 1682 हे साल ही पेढी आपल्या स्थापनेचे म्हणून अभिमानाने सांगत असे. शेफील्ड हे चाकू-कात्र्यांचे शहर. न गंजणारे पोलाद 1913 साली हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केले तेही याच शहरात. 'जी' आणि 'आर' म्हणजे राजा जॉर्ज. चौथा जॉर्ज 1830 साली वारला आणि पाचवा जॉर्ज 1910 साली गादीवर आला. मधल्या काळात विल्यम, व्हिक्टोरिया आणि एडवर्ड होऊन गेले. आमच्या घराण्यात मुंबईला जाऊन रोख पैसा मिळवणारे पहिले गृहस्थ म्हणजे आजोबा. ते विसाव्या शतकातले. तेव्हा चाकू 1910 नंतरचा असणार, हे अनुमान सरळ होते.

नुसत्या चिन्हावर विसंबू नये, हेही मला वाचून कळले होते. शेफील्डचे नाव ठोकलेले परदेशी बनावटीचे स्वस्त चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतके बोकाळले होते की 1887 साली ब्रिटनला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पण आमच्या चाकूची घडण सुबक होती आणि पितळी खिळे अजून घट्ट होते. मला शंका उरली नाही.

मग मी पुढचे पाऊल टाकले आणि तेथेच घसरलो. अशा लहान घडीच्या चाकूला इंग्रजीत 'पेननाइफ' म्हणतात. पिसाची लेखणी तासण्यासाठी तो मुळात वापरीत, म्हणून हे नाव. पोलादी निब आल्यावर पिसे मागे पडली, पण नाव टिकून राहिले. शिवाय लहानपणी आजीच्या तोंडून 'माझा कलमाचा चाकू' असे काहीतरी ऐकल्याचे मला पुसट आठवत होते. कलम म्हणजे लेखणी. आजोबा कारकून. सगळे कसे चपखल जुळले! पात्यावर एक काळा, चिवट थर होता. तो शाईचा, असे मी ठरवून टाकले. कुलवृत्तांताच्या तक्त्यात आजोबांच्या नावापुढे मी आणखी एक ओळ घातली : 'त्यांचा लेखणी तासण्याचा विलायती चाकू घरात जपून ठेवला आहे.' आजीच्या वाक्यातला 'माझा' हा शब्द मी गाळला. अक्षरशत्रू बाईला कलमाशी काय कर्तव्य, असा माझा समज होता. तो मी तपासला नाही, कारण तो समज आहे हेच मला दिसत नव्हते.

आठवडाभर तेलात राहिल्यावर लहान पातेही सुटले. कारागिरांच्या भाषेत लेखणीचे पाते म्हणतात ते हेच. ते उघडून पाहिले आणि मी थबकलो. कडेला गंज होता, पण पात्याचा आकार जसाच्या तसा होता. ते कधी दगडाला लागलेले दिसत नव्हते. मोठे पाते मात्र धार लावून लावून झिजले होते. मध्यभागी त्याला खोलगट बाक आला होता. लेखणी तासायचे पाते कोरे आणि दुसरे निम्मे झिजलेले! शिवाय त्या झिजलेल्या पात्याची धार विचित्र होती. साध्या चाकूला दोन्ही अंगांनी उतार देऊन धार काढलेली असते. या पात्याचे एक अंग अगदी सपाट होते आणि सगळा उतार दुसऱ्या अंगाला होता. चाकू असा घडवलेला नव्हता. कोणीतरी वर्षानुवर्षे दगडावर घासून त्याला असे केले होते. आणि तो काळा थर? तो पाण्याने निघेना. शाई इतकी चिवट नसते. तेलाचा बोळा फिरवला तेव्हा तो जरासा सैल झाला.

मित्रहो, अशा वेळी मनाची गंमत होते. पुरावा आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाऊ लागला की आपण पुराव्यालाच समजूत घालू लागतो. आजोबा मोठ्या पात्यानेच बोरू तासत असतील, अशी मी स्वतःची समजूत काढून पाहिली. पण त्यांच्या पिढीतले कारकून टाकाने लिहीत. टाकाचे निब तासावे लागत नाही. मग तासण्याजोगे होतेच काय? शेवटी मी शब्दकोश उघडला.

'कलम' हा शब्द आपण रोज वापरतो. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतला बोरूचा वाचक शब्द असल्याचे अभ्यासक मानतात. मराठीत मात्र त्याने केवढा संसार थाटला आहे पाहा. लेखणी म्हणजे कलम. लेखण्या ठेवायचे ते कलमदान. कायद्याच्या मसुद्यातला एक एक परिच्छेद म्हणजे कलम. तोडून टाकणे म्हणजे कलम करणे, म्हणून शिरकलम. आणि एका झाडाची काडी दुसऱ्या झाडावर बांधून वाढवलेले झाड, तेही कलमच. या सर्वांना सांधणारा दुवा मला त्या दिवशी दिसला, तो म्हणजे छेद. बोरू तिरका छाटला की लेखणी होते. फांदी तिरकी छाटून जोडली की कलमी झाड होते. आमच्या तिघांच्या तर्कांत हा एकच शब्द फिरत होता. चुलतभावाने त्याचा एक अर्थ धरला होता, मी दुसरा. तिसरा अर्थ घराच्या मागे सव्वीस झाडांच्या रूपाने उभा होता आणि त्याच्याकडे आमची पाठ होती.

आता आंब्याच्या कलमाविषयी थोडे सांगितले पाहिजे. देशावरच्या वाचकांना ते कदाचित ठाऊक नसेल. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नसते. कोयीपासून आलेले झाड आपल्या मर्जीने रायवळ फळ देते. जातिवंत फळ हवे तर जातिवंत झाडाची फांदीच दुसऱ्या रोपावर जोडावी लागते. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात ही विद्या आंब्यावर रुजली आणि हापूस हे नावही पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून आले, असे मानतात. पूर्वी कोकणात भेट कलम करीत. रायवळ कोयीचे रोप कुंडीत किंवा मडक्यात वाढवायचे. मग ते मातृवृक्षाच्या फांदीजवळ न्यायचे. फांदी उंच असेल तर मांडव घालून त्यावर ठेवायचे. रोपाची आणि फांदीची साल, थोड्या गाभ्यासकट, पाच-सहा सेंटिमीटर लांब तासायची. दोन्ही जखमा एकमेकींवर नेमक्या बसवायच्या आणि केळीच्या सोपटाने घट्ट बांधायच्या. दोन-तीन महिन्यांत दोन्ही जीव एक होतात. मग सांध्याच्या वर रोपाचा शेंडा आणि सांध्याखाली फांदी कापली की कलम सुटे होते. छेद सपाट हवा. पृष्ठभाग थोडा जरी उंचसखल झाला तरी मध्ये फट राहते आणि सांधा जमत नाही. म्हणून कलमाच्या चाकूला एकाच अंगाने धार लावतात. सपाट अंग लाकडावर टेकून सरकले की छेद आरशासारखा येतो.

केळीचे सोपट! अंगणात जाळलेली ती तपकिरी धाग्यांची जुडी मला आठवली.

शेजारच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत. उभी हयात त्यांनी कलमे बांधण्यात घालवली होती. पंचक्रोशीत त्यांना सगळे दादा म्हणत. मी चाकू घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काही न विचारता पाते उघडले, बोटाच्या नखावरून धार सरकवली, पात्यावरचा काळा थर नाकाशी नेला आणि म्हणाले, "शाई कसली? हा आंब्याचा चीक. वाळला की असाच काळा पडतो." मग त्यांनी अंगणातली एक काडी उचलली आणि तासायचा प्रयत्न केला. चाकू लाकडात रुतला. त्यांनी पकड बदलून पाहिली, पुन्हा तेच. ते क्षणभर विचारात पडले आणि त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला. हात सरावाचा नव्हता, तरी काडीवरून एक लांब, सपाट ढलपी निघाली.

"उजव्या हाताच्या माणसाचा उतार एका अंगाला, डावऱ्याचा त्याच्या उलट अंगाला," ते म्हणाले. "हा चाकू डावऱ्याचा. तुमच्याकडे डावखुरं कोण होतं?"

आजोबा नव्हते. त्यांचा टाक धरलेला एक फोटो अजून ओटीवर आहे. टाक उजव्या हातात आहे. वडील नव्हते, काका नव्हते. दादांच्या अंगणात उभा असताना मला आमच्या माजघरातले एक दृश्य आठवले आणि त्या आठवणीने मी ओशाळलो.

मी तेव्हा सहावीत होतो. मे महिन्याच्या सुटीत आजीला सही करायला शिकवायची, असा मी निश्चय केला होता. पाटी आणली. तिने पेन्सिल डाव्या हातात धरली. मी गुरुजींच्या थाटात ती काढून तिच्या उजव्या हातात दिली. "उजव्या हातानं लिहायचं असतं, आजी." तिने मुकाट्याने ऐकले. तिची बोटे थरथरत होती, रेघ वाकडी जात होती. मी तीन दिवस चिकाटीने पेन्सिल उजव्या हातात देत राहिलो. चौथ्या दिवशी तिने पाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "राहू दे रे बाबा. कलम मला येतं, तेवढं पुरे." माजघरात एकच हशा पिकला. धड सही येत नाही आणि म्हणे कलम येतं! सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. आजीही हसली. आपला विनोद लोकांना कळला म्हणून ती हसली, असे मला तेव्हा वाटले. ती विनोद करीत नव्हती.

दादांकडून निघालो तो तडक आत्याकडे गेलो. आत्या तेव्हा नव्वदीला टेकली होती. दिसणे कमी झाले होते, आठवण शाबूत होती. चाकू तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो डोळ्यांशी नेला नाही, अंगठ्याने मूठ चाचपली आणि म्हणाली, "हा आईचा. कुठं सापडला?"

मी विचारत गेलो, ती सांगत गेली. आजोबांनी चाकू मुंबईहून बोटीने येताना आणला, तो स्वतःसाठी. एका पावसाळ्यात तो घरी विसरून ते परत गेले आणि नंतर त्यांनी तो मागितला नाही. कलम बांधायला आजीला तिच्या माहेरी शिकवले होते. तिच्या वडिलांची बाग होती. आमच्या आवारात तेव्हा हापूसचे एकच झाड होते. आषाढात आजी डोक्यावर इरले घेऊन मांडवावर चढायची. खाली मुले कुंड्या उचलून द्यायची, वर ती छेद घ्यायची. संध्याकाळी विहिरीकाठच्या दगडावर चाकू पाजवायची. पहिल्या वर्षी बांधलेल्या आठांपैकी दोनच जगली. नंतर हात बसला.

"आणि डावा हात?" मी विचारले.

"वाढायला उजवा, कलमाला डावा. सासूबाईंनी तिला डाव्या हातानं कधी वाढू दिलं नाही. ती म्हणायची, पंगतीला डावं-उजवं कळतं, झाडाला कळत नाही."

मी मनात महिने मोजले. आजोबा वैशाखात रजेवर येत आणि भाद्रपदात गणपतीला. कलमे बांधायची ती पावसाच्या सुरुवातीला, आषाढाच्या आसपास. त्या दिवसांत ते मुंबईला पेढीवर असत. खड्ड्यांचे पैसे त्यांनी पाठवले असतील. सुटी झालेली कलमे लावायला गणपतीत ते हजरही असतील. 'बाग लावली' हे मी लिहिलेले वाक्य खोटे नव्हते. ते अपुरे होते. आणि त्या अपुरेपणाच्या आत एक माणूस हरवले होते. याच बागेच्या आंब्यांवर माझ्या वडिलांचे शिक्षण झाले, त्यांच्या पगारावर माझे. जिला मी निरक्षर म्हणून रकान्यात बसवले, तिच्या चाकूने कापलेल्या फांद्यांवर आमच्या घरातली सगळी साक्षरता वाढली होती.

या चाकूने मला काय शिकवले ते थोडक्यात सांगतो, कारण साहित्याच्या अभ्यासातही ते तुमच्या कामी येईल. वस्तू कोठून आली हे तिच्यावरच्या ठशावरून कळते. ती कशासाठी होती हे तिच्या झिजेवरून. शेफील्डच्या कारागिराने तो चाकू घडवला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर लेखणी असेल. माझे उत्तर मूळ म्हणून चुकीचे नव्हते. पण एका बाईने तो दगडावर घासून घासून आपल्या डाव्या हाताचा केला आणि त्याचे प्रयोजन बदलले. शब्दांचेही असेच असते. 'कलम' शब्दाची व्युत्पत्ती तुम्हांला कोशात मिळेल. तो कोणाच्या तोंडी कोणत्या अर्थाने झिजला आहे, हे मात्र त्या माणसालाच विचारावे लागते. आजीला त्या शब्दाचा जो अर्थ ठाऊक होता तो मला, पुस्तके वाचणाऱ्याला, ठाऊक नव्हता. आणि ज्याला आपला अर्थ ठाऊक नाही तो अडाणी, असे मी समजत होतो.

म्हणून एवढेच सुचवतो. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल तर ती घासण्याची घाई करू नका. तिच्याबरोबर सापडलेली चिंधी, दोरी, भुसा, काहीही फेकू नका. तिची मूठ कोठे गुळगुळीत झाली आहे, धार कोणत्या अंगाला उतरली आहे, डाग कशाने सैल होतो, हे आधी पाहा आणि लिहून ठेवा. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हातात ती वस्तू द्या. हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका. आत्या होती म्हणून मला उत्तर मिळाले. दोन-तीन वर्षे उशीर झाला असता तर तो चाकू कायम आजोबांचाच राहिला असता.

तक्ता मी परत मागवला. लेखणीच्या चाकूची ओळ काढून टाकली. आजीच्या नावापुढची आडवी रेघ खोडून तेथे लिहिले : 'माहेरी शिकलेल्या विद्येने घरच्या बागेतील सव्वीस हापूस कलमे स्वहस्ते बांधली.' शिक्षणाच्या रकान्यातला 'निरक्षर' हा शब्द ठेवावा की काढावा, यावर मी बराच विचार केला. तो खरा होता म्हणून ठेवला. पण व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' या शब्दापुढे स्वल्पविराम देऊन 'कलमे बांधणे' असे दोन शब्द जोडले.

ग्रंथ छापून आला तेव्हा मी तो आत्याला वाचून दाखवायला नेला. तिने सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, "डावखुरी होती, हे लिहिलंस का?"

लिहिले नव्हते. मी खिशातले पेन काढले आणि छापील ओळीशेजारच्या कोऱ्या जागेत, तिच्यासमोरच, लिहिले : 'डाव्या हाताने.'